परीक्षेआधीचा सत्कार

माझ्या गळ्यात आजवर दोनदा हार पडला. पहिला लग्नात, तेव्हा मला फारसं कुणी काही विचारलं नव्हतं. दुसरा एका परीक्षेत पास झाल्याबद्दल, आणि ती परीक्षा मी तोवर दिलेलीच नव्हती.

परीक्षा डेस्कटॉप सपोर्टची. ऑफिसातला कॉम्प्युटर बंद पडला, प्रिंटरनं कागद गिळला, नेट गेलं, की ज्या माणसाच्या नावानं हाका सुरू होतात त्या माणसाची ही परीक्षा. परदेशातली एक संस्था ती घेते, प्रश्न इंग्रजीत असतात आणि मिळणारं सर्टिफिकेट जगात कुठंही चालतं म्हणतात. मला ते जगात चालवायचं नव्हतं. मला ते बारामती एमआयडीसीत, गेटातून आत गेल्यावर डाव्या हाताच्या शेडमध्ये चालवायचं होतं.

त्या शेडमध्ये जनावरांचं खाद्य बनतं. मी तिथं वजनकाट्यावर बसायचे, ठेकेदाराच्या हजेरीवर. मालाची गाडी आली की भरलेलं वजन कॉम्प्युटरात घालायचं, जाताना रिकामं वजन घालायचं, पावती द्यायची. पेंडीची भुकटी हवेत कायम असायची. ती माझ्या केसांत जायची आणि कॉम्प्युटरच्या पोटातही. मी रोज न्हायचे, त्याला कोण न्हाऊ घालणार? तो अधूनमधून आचके द्यायचा. पुण्याहून दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत गाड्यांची रांग रस्त्याला लागायची आणि ड्रायव्हर लोक खिडकीतून माझ्या शिक्षणाबद्दल शंका काढायचे. एकदा वैतागून मीच झाकण उघडलं, रॅमची पट्टी उपसली, खोडरबरानं घासली आणि परत दाबून बसवली. तो चालू झाला. तेव्हापासून अकाउंट्सपासून गेटपर्यंत कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की मला बोलावणं यायला लागलं. पगार वजनकाट्याचाच राहिला.

मग कंपनीनं डेस्कटॉप सपोर्टची स्वतःची एक जागा काढली, कायम पगारावरची. एचआरच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. गोड बोलणारे गृहस्थ आहेत, नकारसुद्धा चहा पाजून देतात.

"मॅडम, तुम्हाला काम येतं हे मला माहीत आहे," ते म्हणाले, "पण फायलीला माहीत नाही. मार्चएंडच्या आत सर्टिफिकेट आणा, जागा तुमची."

"आणि नाही आणलं तर?"

"पुण्याचा एक उमेदवार आहे. त्याच्याकडे आहे." मग चहाचा घोट घेऊन त्यांनी हेही सांगितलं की उन्हाळ्यात वजनकाटा आपोआप चालणारा होणार आहे, त्यामुळे तिथली माझी खुर्चीही जाणार. म्हणजे सर्टिफिकेट नाही मिळालं तर मी घरी.

घरी बसायची मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. घर वाईट नाही. बारामतीहून इंदापूरकडं निघालं, काटेवाडी मागं टाकली, की पुढं रस्त्याच्या आत आमचं गाव आहे. ऊस आहे, म्हशी आहेत, माणसं जीव लावणारी आहेत. पण त्या घरात कुठल्याही गोष्टीचं कारण विचारलेलं चालत नाही. यंत्राचं मला तेच आवडतं. ते बिघडलं तर त्याला काहीतरी कारण असतं, आणि आपण कारण शोधायला लागलो म्हणून ते तोंड फुगवून बसत नाही.

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. ते गावच्या विकास सोसायटीचे माजी व्हाइस चेअरमन, आणि त्यातला 'माजी' त्यांना फार टोचतो. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. आमचे हे हंगामात ट्रॅक्टर घेऊन सोमेश्वरनगरच्या बाजूला ऊस ओढायला असतात. घरी येतात ते जेवायला आणि व्हॉट्सॲप बघायला.

क्लास बारामतीत होता, ठिबकच्या पाइपांच्या दुकानावरच्या मजल्यावर. शिकवणारे सर हुशार, पण स्वभावानं निराश. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "प्रश्न वाचताना आपण बारामतीत आहोत हे विसरायचं." मला वाटलं विनोद करताहेत. पुढं कळलं की निम्मा अभ्यासक्रम तोच आहे.

त्या परीक्षेतलं जग फार सुरळीत आहे. एका वापरकर्त्याची तक्रार येते, की स्क्रीन काळी दिसते. तुम्ही सर्वप्रथम काय कराल? खाली चार पर्याय. मी चारही वाचले आणि सरांना विचारलं, यात खोडरबर कुठं आहे? सर म्हणाले, खोडरबर अभ्यासक्रमात नाही. बरोबर उत्तर असं, की वापरकर्त्याला शांतपणे प्रश्न विचारायचे आणि मध्ये न बोलता त्याचं ऐकून घ्यायचं. आमच्या अकाउंट्सच्या भाऊसाहेबांना "काय झालं" एवढं विचारलं की ते आधी "मी काही केलं नाही" म्हणतात, मग कालपासून सांगायला लागतात, मग त्यात त्यांच्या मेहुण्याचा लॅपटॉप येतो, मग मेहुण्याचा स्वभाव येतो. मध्ये न बोलता ऐकलं तर माझी ड्यूटी संपून जाईल. पण परीक्षेत तेच उत्तर बरोबर होतं, म्हणून मी तेच निवडायला शिकले.

आणखी एक नियम होता, की कार्पेटवर उभं राहून कॉम्प्युटर उघडू नये, अंगातली वीज आतल्या भागांना बाधते. आमच्याकडं कार्पेट फक्त मांडवात असतं आणि त्यावर पुढारी उभे राहतात, त्यामुळे ती काळजी मिटली. प्रिंटरमध्ये कागद अडकण्याची कारणं पुस्तकात भरपूर होती, पण खंडेनवमीच्या पूजेला वाहिलेल्या अक्षता त्यांत कुठं सापडल्या नाहीत. ग्राहकाला दोष देऊ नये, ग्राहकाच्या संस्कृतीचा मान राखावा, उशीर होणार असेल तर आधी कळवावं. शेवटच्या नियमावर सगळा क्लास हसला. सर हसले नाहीत.

मी अभ्यास करायचे तो एसटीत आणि चुलीपुढं. भाकरी थापताना कॉम्प्युटर नेटशी ज्या दारांतून बोलतो त्या पोर्टचे नंबर म्हणायचे, लेझर प्रिंटरच्या आत छपाई कशी होते त्या पायऱ्या ओळीनं म्हणायचे. आत्यांना वाटायचं मी काहीतरी स्तोत्र म्हणतेय. त्या मध्ये बोलायच्या नाहीत, उलट आवाज न करता भांडी ठेवायच्या. हळूहळू सराव परीक्षांत मला चांगले मार्क पडायला लागले. इंदापूरला एका कॉलेजात परीक्षेचं केंद्र होतं, पण तिथली तारीख लांबची होती. घरबसल्या ऑनलाइन देता येते असं सर म्हणाले, म्हणून मी लवकरचा एक रविवार ठरवून टाकला आणि घरी सांगितलं. तेवढं सांगितलं ती चूक झाली.

दोनतीन दिवसांनी आबा जेवताना म्हणाले, "ह्या रविवारी सोसायटीफुडं गुणवंतांचा सत्कार हाय. तुझं नाव दिलंय."

"कशाबद्दल?"

"कांप्युटरच्या परीक्षेत पास झाल्याबद्दल."

"आबा, परीक्षा अजून व्हायचीय. ती त्याच्या पुढच्या रविवारी हाय."

आबांनी ताटातून मान वर केली. "मग? तू काय नापास व्हनार हायस का?"

आता याला काय उत्तर द्यावं? हो म्हणावं तर आपणच आपलं वाईट चिंतलं, आणि नाही म्हणावं तर सत्काराला होकार दिला.

"नाही," मी म्हणाले.

"मग झालं की. परीक्षेची काय, तारीख कवाबी मिळती. पावन्यांची मिळत न्हाय."

पाहुणे म्हणजे पंचायत समितीचे एक माजी सभापती. सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती आणि आबांना आपल्या नावापुढचा 'माजी' काढून टाकायचा होता. त्यासाठी पाहुणे हवेत, पाहुण्यांसाठी कार्यक्रम हवा, कार्यक्रमासाठी गुणवंत हवेत. दहावी-बारावीची मुलं यंदा बेताचीच होती. मी ह्यांच्याकडं दाद मागायला गेले, तर ते फ्लेक्सवाल्याला पाठवायला स्वतःचा फोटो निवडत होते.

तो फ्लेक्स गावात शिरतानाच लागायचा. वर पाहुणे सर्वांत मोठे, खाली हात जोडलेले आबा, मग सरपंच, मग कानाला मोबाईल लावलेले आमचे हे. खालच्या कोपऱ्यात मी. माझा फोटो कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला होता, शेजारच्या बाईचा खांदा तसाच राहिला होता. बाकी सगळ्यांची नावं पदांसकट, आणि मी नुसती 'सौ. वहिनीसाहेब'. संगणक परीक्षेत उज्ज्वल यश संपादन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मी रोज त्याच्याखालून कामाला जायचे आणि रोज मान खाली घालायचे. लोक म्हणायचे, बघा, एवढं यश मिळालं तरी किती नम्र आहे.

कार्यक्रमात पाहुण्यांनी मला शाल, नारळ आणि हार दिला आणि भाषणात सांगितलं की आता या गावात एकही मोबाईल बंद पडणार नाही. मग मला दोन शब्द बोलायला माइकपुढं उभं केलं. माझ्या मनात तेव्हा दोनच शब्द होते, ते माइकवर बोलण्यासारखे नव्हते. मी म्हणाले, "माझी परीक्षा अजून झालेली नाही. ती पुढच्या रविवारी आहे." मला वाटलं, चला, समजलं एकदाचं. तेवढ्यात सूत्रसंचालकांनी माइक घेतला. "ऐकलंत का मंडळी? ताई फुडच्या रविवारी आनखी एक परीक्षा देनार हायत. शिक्षणाची ही भूक बघा." टाळ्यांचा कडकडाट झाला. आबांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर बिघडलेले मोबाईल जमा व्हायला लागले. एकीनं मिक्सर आणला. एकानं विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर खोलून पोत्यातून आणला. मी पोर्टचे नंबर म्हणत मिक्सर परत करत होते.

आमच्याकडं फ्लेक्स कधी वाया जात नाही. कार्यक्रम संपला की तो कडब्यावर टाकतात नाहीतर शेळ्यांच्या वर बांधतात. माझा फ्लेक्स आबांनी मानानं घरात आणला आणि मागच्या खोलीच्या खिडकीला ठोकला. त्या खिडकीला फक्त गज होते, झडप मोडली होती, आणि उसाची पाचट जाळली की सगळी काजळी आत यायची. परीक्षा मला त्याच खोलीत द्यायची होती, कारण नेटला रेंज तेवढ्या खिडकीपाशीच येते.

रविवारी मी आत्यांना बजावून ठेवलं. "दोन तास ह्या खोलीत कुणाला सोडायचं न्हाय. कुणी आत आलं तर परीक्षा रद्द होते." आत्यांनी मान हलवली आणि त्या दाराशी बसल्या. मी आतून कडी लावली, टेबल खिडकीला भिडवलं, लॅपटॉप उघडला. परीक्षेवर कॅमेऱ्यातून नजर ठेवणारा माणूस कुठल्या देशात बसला होता कोण जाणे, तो लिहून सूचना पाठवत होता. खोलीच्या चारी भिंती दाखवा. टेबलाखालचं दाखवा. मी लॅपटॉप हातात धरून बियाण्याची पोती, लग्नातली कपाटं, कोपऱ्यातला फवारणीचा पंप, सगळं दाखवलं. मग त्यानं विचारलं, खिडकीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलं आहे?

परीक्षेत खोटं बोलू नये म्हणून मी खरं ते लिहिलं. मी ही परीक्षा पास झाल्याबद्दल माझं अभिनंदन केलेलं आहे. तिकडून आलं, कृपया ते काढा.

मी खिळे उपसून फ्लेक्स काढला आणि गुंडाळून पोत्यांमागं टाकला. खिडकी उघडी झाली. परीक्षा सुरू झाली. आणि सांगायला बरं वाटतं की मला ती येत होती. काळ्या स्क्रीनवाला वापरकर्ता आला, त्याचं मी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. ज्याच्या छापलेल्या कागदावरची शाई बोटाला लागत होती तो आला, त्याच्या प्रिंटरचा तापणारा भाग मी बदलला. एकेक प्रश्न मागं पडत होता आणि मी मनातल्या मनात त्या डाव्या हाताच्या शेडमध्ये स्वतःचं टेबल मांडत होते.

तेवढ्यात खिडकीबाहेर बांगड्या वाजल्या.

बचत गटातल्या बायका सत्काराच्या दिवशी एका लग्नाला गेल्या होत्या. त्यांचं माझं अभिनंदन करायचं राहिलं होतं, ते त्यांना टोचत होतं. त्या हळदीकुंकू, खण आणि नारळ घेऊन आल्या होत्या. आत्यांनी माझा शब्द पाळला. त्यांनी खोलीत कुणालाही सोडलं नाही. त्यांनी सगळ्यांना घराला वळसा घालून खिडकीपाशी आणलं.

"आत सोडायचं न्हाय म्हनालीस, म्हनून हिकडनं आनलं," आत्या गजांमागून म्हणाल्या.

नियम असा होता की बोलायचं नाही, उठायचं नाही, स्क्रीनवरून नजर हलवायची नाही. मी हललेही नाही. मग गजांतून हिरव्या बांगड्यांनी भरलेला एक हात आत आला, बोटाला कुंकू लावलेला. "अगं, कपाळ फुडं कर की," आत्या म्हणाल्या. सवाष्णीनं कुंकवाचं बोट पुढं केलंय आणि समोरचीनं कपाळ मागं घेतलंय, असं मी माझ्या जन्मात पाहिलेलं नाही. मी फार विचार केला असं म्हणणार नाही. नोकरी जाईल हे मला माहीत होतं, आणि तरी माझं कपाळ आपलं आपण पुढं झालं.

कुंकवामागून हळद आली. हळदीमागून खण आला. नारळ गजांत अडकला, तर दोघी तिघी मिळून तो फिरवून फिरवून आत ढकलायला लागल्या. स्क्रीनवर सूचना आली की खोलीत दुसरी व्यक्ती दिसते आहे. मी घाईघाईनं लिहिलं, व्यक्ती बाहेर आहे, फक्त हात आत आहे. प्रश्न नाहीसे झाले आणि परीक्षा रद्द झाल्याचा मजकूर आला. नारळ शेवटपर्यंत आत आला नाही.

बायका चहा पिऊन गेल्यावर मी आत्यांवर ओरडले. एरवी मी त्यांच्यावर ओरडत नाही. "आत्या, तुमच्या कुंकवापायी माझी परीक्षा गेली."

"जाईल कशी? पास झालीस न्हवं मागंच?"

मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. सत्कार आधी झाला, परीक्षा आज होती, तीही मोडली, मार्चएंडला नोकरी जाणार. आत्या ओट्यावर बसून राहिल्या.

मी त्या परदेशी संस्थेला पत्र लिहून हळदीकुंकू म्हणजे काय ते इंग्रजीत समजावून सांगितलं. हळद आणि कुंकू तर सांगता आलं, पण ते नाकारता का येत नाही हे मला आजही कुठल्याच भाषेत नीट सांगता येणार नाही. त्यांनी आमच्या संस्कृतीचा मान राखत कळवलं की पुन्हा बसायला हरकत नाही, मात्र या खेपेला केंद्रावर येऊन. इंदापूरच्या कॉलेजातली तारीख मार्चच्या अखेरच्या शनिवारी होती. त्यानंतर मार्च उरत नव्हता.

हे मी घरात सांगितलं आणि आबांनी भाकरी ताटात ठेवली.

"पास झालेली मानसं परत परीक्षा देत्यात का कुटं?"

"आबा, मी पास झालेली न्हाय."

"गावाला ठावं हाय का ते? न्हाय ना? मग तू इंदापूरला जाऊन बसलीस, कुनी बघितलं, म्हंजी? आबानं खोटाच सत्कार केला म्हनतील. निवडणूक हाय फुडच्या महिन्यात. शाल कशाची घेतली म्हनून इचारलं तर काय सांगू?"

"आणि माझी नोकरी?"

"त्या साह्यबाला फ्लेक्सचा फोटू दाव की," आमचे हे म्हणाले. ते मनापासून बोलत होते. त्यांच्या दृष्टीनं छापून आलेली गोष्ट खरी झाली होती.

मला इतका राग आला की रडूसुद्धा येईना. एका माणसानं विचारलं नव्हतं की त्या परीक्षेत असतं काय, तुला येतं काय. सगळ्यांना माझं पास होणं हवं होतं, फक्त मला पास होऊ द्यायचं नव्हतं. मी ताट तसंच ठेवून उठले. पुढचे काही दिवस आबा माझ्याशी आणि मी आबांशी कामापुरतं बोललो. मी पोर्टचे नंबर म्हणणं सोडलं नाही, फक्त आता मोठ्यानं म्हणायला लागले.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणात आत्या कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "माझ्या डोळ्याला अंधारी येतीया. उद्या इंदापूरला दाखवून येती. सूनबाई येतीय संगं."

आबांनी एकदा आत्यांकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "जावा."

एसटीत आत्यांनी मला खिडकीची जागा दिली. कॉलेजात परीक्षेच्या खोलीबाहेर पायऱ्या होत्या. मी आत गेले तेव्हा त्या तिथं पदर खोचून बसल्या. नंतर कळलं की केंद्राचेच एक क्लार्क आत यायला निघाले होते, तर आत्यांनी त्यांना अडवलं होतं. ते म्हणाले, बाई, मी इथंच कामाला आहे. आत्या म्हणाल्या, असाल, पर आत परीक्षा चाललीया. ते बिचारे दुसऱ्या दारानं आले.

या खेपेला कुणाचा हात आला नाही. मी शेवटचं बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा स्क्रीनवर 'पास' असा इंग्रजी शब्द होता. बाहेर येऊन मी आत्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. येणारी जाणारी माणसं बघत होती. त्यांना वाटलं असेल, नापास झाली.

"आता खरी पास?" आत्यांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी माझे डोळे पुसले. मग स्वतःचे पुसले. मग म्हणाल्या, "व्हतं तरी काय गं त्यात? काय काय इचारलं?" आणि मी त्यांना परतीच्या एसटीत सगळं सांगितलं. प्रिंटरमध्ये शाई कागदावर कशी चिकटते, रुसलेल्या मशिनचं कारण कसं शोधायचं, समोरचा माणूस चिडलेला असला तरी त्याला दोष न देता कसं ऐकून घ्यायचं. हे शेवटचं ऐकून आत्या म्हणाल्या, "हे मला ठावं असतं तर परीक्षा मीबी दिली असती."

संध्याकाळी मी गोठ्यात म्हशींना वैरण टाकत होते. आबा येऊन दावणीशी उभे राहिले. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "किती मार्क पडलं?"

मी वैरणीची पेंढी सोडून पुढच्या म्हशीपुढं टाकली.

"इंदापूरचा डोळ्याचा डाक्टर फकस्त सोमवारी असतो," ते म्हणाले. "मीच जातो न्हवं त्याच्याकडं. पास?"

"पास," मी म्हणाले. "लागतात त्याच्यापेक्षा बरंच जास्त पडलं."

त्यांचा चेहरा उजळला, अगदी सत्काराच्या दिवशी उजळला होता त्याहून जास्त. तोंड उघडून ते काहीतरी मोठ्यानं म्हणणार होते. मग त्यांनी कुंपणापलीकडं पाहिलं, शेजारचा माणूस मोटारसायकल पुसत होता. ते माझ्याजवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कंपनीत सांग. पर गावात कुनाला सांगू नगंस, पास झालीस म्हनून."

मला चिडावंसं वाटलं आणि हसूही आलं. दोन्ही गिळून मी वैरण टाकत राहिले.

जेवायला बसलो तर ताटात पुरणपोळी होती. होळी होऊन गेली होती आणि पाडव्याला अजून अवकाश होता. आमचे हे पोळीकडं बघत म्हणाले, "आज काय हाय?"

"काय न्हाय," आत्या म्हणाल्या. "गप खा."

आबांनी मान वर न करता आणखी एक पोळी मागितली. आत्यांनी ती आधी माझ्या ताटात वाढली.